‘से ते कायो’: सालामांकातल्या एका सत्राचं प्रकरण

९ फेब्रुवारी २०२५, रविवार. रात्रीचे अकरा वाजून गेले होते. स्वयंपाकघर आवरून मी दिवा मालवणार, तेवढ्यात तिचा निरोप आला: “मॅडम, मला स्पॅनिश येत नाही.”

हे लिहिणारी मुलगी माझ्या वर्गात तीन वर्षं पहिली आलेली. ‘देले’ या स्पॅनिशच्या परीक्षेची बी २, म्हणजे मधलीच्या वरची पातळी तिने पहिल्याच प्रयत्नात काढली होती. जगभर घेतल्या जाणाऱ्या त्या परीक्षेशी ज्या शहरातल्या विद्यापीठाचा थेट संबंध आहे, त्याच स्पेनमधल्या सालामांका शहरात ती आता दोन आठवड्यांपासून राहत होती, आणि तिथून मला कळवत होती की भाषा येत नाही. मी तिला उत्तर दिलं, “थकली असशील, झोप.” पुढच्या पाच महिन्यांत मला कळलं की ती अगदी खरं बोलत होती. तिच्या तोंडातून स्पॅनिश का येत नव्हती, याचं निम्मं कारण माझ्या शिकवण्यात होतं. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवते आहे. तिची परवानगी आहे. नाव नको म्हणाली, ते पाळते.

मुलगी कराडची. वडील एसटीत वाहक, घर माळकरी. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीला पुण्यात आली, आणि मराठी माध्यमाची मुलं जे करतात तेच तिने केलं: इंग्रजीच्या मागे हात धुऊन लागली. वर्षभरात इंग्रजी इतकं सुधारलं की नव्या माणसाला ती मराठी माध्यमाची आहे हे सांगावं लागायचं. ती ते सांगायची नाही. स्पॅनिशला आली तेव्हा आमची पाठ्यपुस्तकं, शब्दकोश, व्याकरणाचे तक्ते, सगळं इंग्रजीतून होतं. अजूनही आहे. पुण्यात परकीय भाषा शिकवण्याची परंपरा मोठी आहे, रानडे इन्स्टिट्यूटचं नाव तर घराघरात माहीत. पण मी ज्या पद्धतीत शिकले आणि पुढे शिकवत आले, तीत मराठी फार तर वर्गातल्या गप्पांपुरती. व्याकरण समजावायची वेळ आली की फळ्यावर इंग्रजी.

तिच्या महाविद्यालयाची स्पेनमधल्या एका विद्यापीठाशी देवाणघेवाणीची योजना होती, त्यातून तिला सहावं सत्र तिथे करायला मिळालं. जानेवारीअखेर ते जून, म्हणजे १८० दिवसांच्या आत, त्यामुळे तिथे पोचल्यावर काढावं लागणारं परदेशी विद्यार्थ्याचं ओळखपत्र तिला लागलं नाही. व्हिसासाठी मुंबईच्या खेपा, आरोग्यविमा, आणि दरमहा ६०० युरो हाताशी असल्याचा पुरावा. पाच महिन्यांचे ३००० युरो, तेव्हाच्या दराने पावणेतीन लाखांच्या आसपास. वडिलांनी पतसंस्थेतून कर्ज काढलं. हे मुद्दाम लिहिते, कारण तिच्या गप्प होण्यात या पैशांचाही वाटा होता. दर चुकलेल्या वाक्याला तिला बापाचं कर्ज आठवायचं.

पहिले सहा आठवडे

‘तिथे गेलं की भाषा आपोआप येते’ असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. मीही म्हणत आले. तिच्या बाबतीत उलट झालं. पुण्यात ती माझ्याशी जेवढं स्पॅनिश बोलायची, तेवढंही तिथे तिसऱ्या आठवड्यात उरलं नाही.

सालामांका समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. जानेवारीअखेरीला तिथे सूर्य साडेआठच्याही पुढे उगवतो, कारण स्पेनने १९४० पासून घड्याळ मध्य युरोपच्या वेळेला लावून ठेवलं आहे. भूगोल मात्र लंडनच्या रेषेतला. दुपारचं जेवण अडीच-तीनला, रात्रीचं साडेनवाला. कराडच्या मुलीचं पोट या वेळांना बसेना, झोप बसेना. पण हे सगळं महिन्याभरात सुटतं आणि सुटलंही. जेवणाचं मात्र वेगळं. “मी शाकाहारी” म्हटलं की पुढ्यात ट्यूना मासा घातलेलं सॅलड यायचं, कारण तिथे ‘मांस’ म्हटलं की कितीतरी लोकांच्या मनात मासा धरलेला नसतो. मसूरच्या आमटीत चोरिथोचे, म्हणजे डुकराच्या सॉसेजचे तुकडे. ते काढून बाजूला ठेवले की आमटी शाकाहारी झाली, असा घरमालकिणीचा भाबडा समज. ती अंडं खायची, त्यावर निभावलं.

जे सुटत नव्हतं ते बोलणं. तीन प्रसंग तिने मला सांगितले, ते तसेच देते.

कॉफीच्या दुकानात तिने मनात जुळवून, नीट उच्चारून म्हटलं, “पोद्रिया तेनेर उन काफे, पोर फाबोर?” मला एक कॉफी मिळू शकेल का, कृपया? काउंटरमागच्या माणसाने तिच्याकडे पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, दूध घालू का. व्याकरणात तिची काही चूक नव्हती. पण त्या दुकानात कुणी तसं बोलत नाही. बाजूचे आजोबा म्हणाले होते, “मे पोनेस उन काफे?” मला एक कॉफी देतोस? इतकंच.

घरी मालकीण, म्हणजे सेन्योरा, सत्तरी ओलांडलेली एकटी बाई. तिने पाणी दिलं, पोळा वाढला, दार उघडलं की ही “ग्राथिआस, मुचास ग्राथिआस” म्हणायची. चौथ्या दिवशी सेन्योरा म्हणाली, “अगं, हे काय हॉटेल आहे का, एवढे आभार मानायला?” प्रेमाने म्हणाली, पण हिला वाटलं आपण पुन्हा चुकलो.

तिसरा प्रसंग वर्गातला. तोंडी सादरीकरण तिने पाठ करून छान केलं. नंतर एका विद्यार्थ्याने साधा प्रश्न विचारला. तिने मनात वाक्य इंग्रजीत जुळवलं, स्पॅनिशमध्ये आणलं, क्रियापदाचं रूप तपासलं. ते तयार होईपर्यंत बाईंनी दुसऱ्या मुलाला बोलावलं होतं. वाईट कुणीच वागलं नव्हतं. चर्चा तिच्यासाठी थांबली नाही, एवढंच.

मग ती विनिमयाने आलेल्या इतर देशांच्या मुलामुलींच्या घोळक्यात शिरली. ती सगळी आपापसात इंग्रजी बोलायची. तिथे ती मोकळी होती, हुशार होती, हसवायचीसुद्धा. स्पॅनिश शिकायला सात-आठ हजार किलोमीटर गेलेली मुलगी दिवसभर इंग्रजी बोलत होती.

माझा सल्ला काय होता? रोज अर्धा तास बातम्या ऐक, आरशासमोर बोल, क्रियापदांचे तक्ते पुन्हा पक्के कर. तिने हे सगळं इमानेइतबारे केलं आणि आणखी गप्प झाली. तक्ते पक्के होतेच. मी तहानलेल्या माणसाला मीठ देत होते.

ताट

मार्चच्या पहिल्या आठवड्यात, जेवणानंतर ताटं घासताना तिच्या हातून एक ताट निसटलं. निळ्या काठाचं, चिनी मातीचं, सेन्योराच्या आईच्या वेळचं. फरशीवर पडून त्याचे चार मोठे आणि असंख्य बारीक तुकडे झाले. सेन्योरा बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर डुलकी घेत होती. ही पाच मिनिटं ओल्या हातांनी तशीच उभी राहिली, वाक्य जुळवलं, आणि जाऊन म्हणाली, “रोंपी एल प्लातो. लो सिएन्तो मुचीसिमो.”

सेन्योरा दचकून उठली. “लो रोंपिस्ते?” फोडलंस? चेहरा असा की घरात भांडण झालं की काय. मग स्वयंपाकघरात येऊन तिने तुकडे पाहिले, हिचे थरथरणारे हात पाहिले, आणि म्हणाली, “से ते कायो, इहा. से ते कायो.” झाडू घेऊन आली, हिला बाजूला केलं, पायाला काच लागेल म्हणाली, आणि तुकडे गोळा करताना पुन्हा दोनदा तेच, जणू एखाद्या पोराच्या पाठीवरून हात फिरवावा तसं, “से ते कायो.”

त्या संध्याकाळी फोन आला.

“मॅडम, ‘रोंपी’ म्हणजे ‘मी फोडलं’ ना?”

“हो.”

“म्हणजे मी मुद्दाम फोडलं असं झालं ते. आपण घरी कधी म्हणतो का, ‘आई, मी ताट फोडलं’? ‘ताट पडलं गं हातून’ म्हणतो.”

“त्या काय म्हणाल्या?”

“‘से ते कायो.’ तुझ्या हातून पडलं. मॅडम, हे तर मराठीच आहे.”

मला क्षणभर काही बोलता आलं नाही. हीच रचना मी तिला पाचव्या सत्रात शिकवली होती. पुस्तकात तिला पाऊण पान दिलेलं आहे, इंग्रजी बोलणाऱ्याला ती विचित्र वाटते म्हणून भरपूर समजावणी आहे, बाण काढलेले आहेत. वर्गातल्या चोवीस मुलांनी ती ‘अवघड’ म्हणून वहीत लाल शाईने लिहून घेतली. त्या चोवीसांपैकी जवळपास सगळे घरी ‘माझ्याकडून राहून गेलं’, ‘हातून सांडलं’, ‘मला विसर पडला’ असंच बोलत असणार. ज्या गोष्टीची त्यांना जन्मापासून सवय, ती मी त्यांना परकी करून शिकवली.

वही

दुसऱ्या दिवशी आम्ही ठरवलं: नवी वही, डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर स्पॅनिश, इंग्रजीचा एक शब्द नाही. ती दिवसभर ऐकलेलं वाक्य उजवीकडे लिहायची आणि डावीकडे कराडच्या घरात त्या प्रसंगी जे तोंडातून निघालं असतं ते. रात्री मला फोटो पाठवायची. वहीची पहिली काही पानं माझ्याकडे आहेत, त्यातलं थोडं सांगते.

‘मे गुस्तान लोस मांगोस’. मला आंबे आवडतात. इंग्रजीत आवडणारा माणूस कर्ता, त्यामुळे इंग्रजीतून शिकलेलं पोर ‘यो’, म्हणजे ‘मी’, लावून बसतं आणि अडखळतं. मराठीत आणि स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे माणसाला ‘ला’ लागतो आणि क्रियापद आंब्यांच्या मागे जातं: एक आंबा आवडतो, पुष्कळ आंबे आवडतात. एकदा ही खिडकी उघडली की मागे रांगच लागते. ‘मे दा बेर्ग्वेन्था’, मला लाज वाटते. ‘मे दा मिएदो’, मला भीती वाटते. ‘मे पारेथे’, मला वाटतं. ‘से मे इथो तार्दे’, मला उशीर झाला. ‘से मे ओकुर्रे’, मला सुचतं. लाज, भीती, उशीर, सुचणं, या गोष्टी आपण करत नाही, आपल्याला होतात, हे दोन्ही भाषांना सारखंच माहीत आहे.

‘बेओ ला कासा’, मी घर बघते. ‘बेओ आ ला प्रोफेसोरा’, मी बाईंना बघते. कर्म माणूस असलं की स्पॅनिश त्याच्या आधी ‘आ’ ठेवते, मराठी मागे ‘ला’ किंवा ‘ना’ लावते. निर्जीवाला दोन्हीकडे काही लागत नाही. हा नियम शिकवायला मी दरवर्षी दोन तास घालवायचे.

भूतकाळ दोन: ‘कोमी’ आणि ‘कोमीआ’. इंग्रजीतून आलेला विद्यार्थी यात वर्षभर गोते खातो. मराठी माणसाला विचारा, ‘मी आंबा खाल्ला’ आणि ‘लहानपणी आम्ही आजोळी आंबे खायचो’ यांत फरक काय, तो तुमच्याकडे आश्चर्याने बघेल. अर्थात ‘कोमीआ’मध्ये ‘खात होतो’ही येतं, म्हणजे जोडी तंतोतंत नाही. पण ‘जायचो-खायचो’च्या ठिकाणी ‘इबामोस-कोमीआमोस’ घालायला लागल्यापासून तिच्या लहानपणच्या आठवणी सुसाट सुटल्या. सेन्योराला तिने एका संध्याकाळी कराडचा प्रीतिसंगम, कृष्णा-कोयनेचं समोरासमोर येऊन मिळणं, तिथली भेळ, सगळं सांगितलं.

सगळ्यात अवघड म्हणून ज्याचा धाक घातला जातो ते ‘सुबखुन्तीबो’. ‘किएरो के बेंगास’: तू यावंस असं मला वाटतं. यावंस, करावंस, वाचावंस. इच्छा, सल्ला, आग्रह यांच्यामागे क्रियापदाचं वेगळं रूप येणं हे मराठीच्या अंगवळणी आहे. माझ्या आजीच्या तोंडी दिवसातून पन्नास वेळा असायचं. इंग्रजीत त्याची खूण जवळपास पुसली गेली आहे, म्हणून इंग्रजीमार्गे ते डोंगराएवढं दिसतं.

उच्चारातही तेच. रोमन लिपीतला ‘टी’ दिसला की आपली मुलं ‘टोडो’, ‘टू’ म्हणतात, कारण तो इंग्रजीचा म्हणून ओळखीचा. स्पॅनिश कानाला हवा असतो आपला दंत्य त आणि द: तोदो, तू. आणि हा ‘तू’ तर अर्थासकट आपलाच.

या ‘तू’वरून एक गाठ सुटली ती सांगायलाच हवी. ती सेन्योराला पहिल्या दिवसापासून ‘उस्तेद’ म्हणायची, म्हणजे आपलं ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’. पुस्तकात लिहिलं होतं, वयाने मोठ्यांना उस्तेद. सेन्योरा सांगायची, मला तू म्हण, म्हातारं करू नकोस. हिला जमेना, उद्धटपणा वाटायचा. मी विचारलं, “घरी आईला काय म्हणतेस?” “तू.” “आजीला?” “तूच की.” “मग ही तुला कोण आहे? रोज वाढते, उशीर झाला तर जागी राहते.” दुसऱ्या दिवशी तिने तू म्हटलं. वर्गातल्या बाईंनाही तिथली मुलं तू म्हणतात, ते मात्र तिला शेवटपर्यंत जड गेलं. बाईंना ती प्रश्न विचारताना वाक्य असं वळवायची की तू-तुम्ही लागूच नये. मला त्यात गैर काही दिसलं नाही.

आणि आभार. आपल्याकडे चहा दिला म्हणून आईला कुणी ‘आभारी आहे’ म्हणतं का? टपरीवर ‘मावशी, एक चहा द्या’ म्हणतो, त्या ‘द्या’त आणि ‘मावशी’त सगळी नम्रता आली. कास्तिल्यातली, म्हणजे सालामांकाच्या भागातली माणसंही अशीच बोलतात. आर्जव शब्दांत नसतं, आवाजात असतं. तिने एप्रिलच्या सुरुवातीला त्याच दुकानात जाऊन “मे पोनेस उन काफे?” म्हटलं. त्याने कॉफी दिली, इंग्रजी एक शब्द नाही. ती मला म्हणाली, “मॅडम, मला कृपया म्हणायला इंग्रजीने शिकवलं होतं.”

मराठी सगळीकडे पुरी पडली असं नाही. ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांना आपल्याकडे एकच ‘आहे’. कंटाळा आला म्हणायच्या जागी तिने वर्गात “सोय आबुर्रिदा” म्हटलं, म्हणजे ‘मी कंटाळवाणी आहे’. ‘तू आलीस की सांगते’ म्हणताना आपण भविष्यासाठी भूतकाळ वापरतो, स्पॅनिश ‘कुआन्दो बेंगास’ म्हणून पुन्हा त्या ‘यावंस’कडे वळते. नामाआधी येणारे ‘एल’, ‘ला’ आपल्याकडे नाहीतच, आणि ते ती आजही मधूनमधून गाळते. अशा जागी आम्ही डावं पान कोरं सोडायचो. कोऱ्या पानांचाही उपयोग झाला: जिथे आधार नाही तिथे लक्ष द्यायचं हे कळायचं. आधी तिला सगळंच सारखं अवघड वाटायचं.

एक गोष्ट इथे डोक्यात येते. आंतोनियो दे नेब्रिहाने लिहिलेलं कास्तेल्यानोचं, म्हणजे स्पॅनिशचं व्याकरण १४९२ साली याच सालामांकात छापलं गेलं. त्याच्यासमोर चौकट होती लॅटिनची. आपल्याकडे दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठी व्याकरण लिहिलं तेव्हा समोर इंग्रजी व्याकरणाचा साचा होता. पहिल्यांदा लिहिणाऱ्याला कुठला तरी साचा घ्यावाच लागतो, त्यांना दोष देता येत नाही. पण मी २०२५ साली मराठी पोरांना स्पॅनिश शिकवताना इंग्रजीचा साचा का वापरत होते, याचं माझ्याकडे सवयीशिवाय दुसरं उत्तर नाही.

२८ एप्रिल

सालामांकात ईस्टरनंतरच्या दुसऱ्या सोमवारी ‘लुनेस दे आग्वास’ हा सण असतो. सोळाव्या शतकात ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत वेश्यांना तोर्मेस नदीपलीकडे धाडत आणि या सोमवारी परत आणत, तेव्हा विद्यार्थी नदीकाठी जल्लोष करत, अशी त्याची कथा सांगतात. आज शहर नदीकाठी जाऊन ‘ओर्नाथो’ खातं, आत मांस आणि अंडं भरून भट्टीत भाजलेली जाड भरलेली रोटी. सेन्योराने हिच्यासाठी मुद्दाम मिरची, चीज आणि अंड्याचा वेगळा ओर्नाथो लावला होता. तो विजेच्या भट्टीत अर्धा भाजून झाला, आणि १२ वाजून ३३ मिनिटांनी वीज गेली.

ती वीज स्पेनच्या सगळ्या मुख्य भूमीची आणि पोर्तुगालची गेली होती. थोड्याच वेळात फोन बंद, इंटरनेट बंद. काय झालं आहे कुणालाच कळेना. पुण्यात चार वाजले होते. मला बातमी तासाभराने कळली आणि तिला फोन लागेना. कराडहून तिच्या आईचे मला तीन फोन आले. रात्री उशिरापर्यंत आम्ही दोघी एकमेकींना धीर देत होतो.

तिथे काय चाललं होतं ते दुसऱ्या दिवशी कळलं. इमारतीतली माणसं जिन्यात जमली. दुसऱ्या मजल्यावरच्या एकाकडे बॅटरीवर चालणारा जुना ट्रान्झिस्टर निघाला, तो पायरीवर ठेवला आणि सगळे भोवती बसले. पाचव्या मजल्यावर एक आजोबा, गुडघे अधू, कानाला कमी ऐकू येणारे, लिफ्ट बंद म्हणून वरच अडकलेले. बातम्या वर कोण पोचवणार? वयाने सगळ्यांत लहान हीच. ती खाली ऐकायची, पाच मजले चढायची, आजोबांच्या कानाशी मोठ्याने सांगायची, त्यांचे प्रश्न घेऊन खाली यायची. “ते विचारतायत, पाणी जाणार का?” “ते म्हणतायत, त्यांच्या मुलीला कुणी निरोप देईल का?” अशा सात-आठ खेपा झाल्या. मधल्या एका खेपेत त्यांच्यासाठी पाण्याच्या बाटल्या नेल्या. एका शेजाऱ्याकडे गॅस सिलिंडरवरची शेगडी होती, तिच्यावर झाकण ठेवून अर्धा कच्चा ओर्नाथो मंद आचेवर पुरा केला. खालून थोडा लागला. जिन्यात बसून सगळ्यांनी वाटून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी ती हे सांगत होती तेव्हा मी मध्येच विचारलं, “हे सगळं बोलताना मनात आधी कुठल्या भाषेत जुळवत होतीस?” ती थांबली. “माहीत नाही, मॅडम. वेळच नव्हता.”

निकाल

पाच विषय, प्रत्येकी ६ श्रेयांक. चार सुटले, एक राहिला. दहापैकी ५ ला उत्तीर्ण, ७ च्या पुढे ‘नोताब्ले’. तिला एका विषयात ७.१ पडले, बाकी तीन ५ ते ६.५ च्या मध्ये. राहिला तो स्पॅनिश भाषेच्या इतिहासाचा, लॅटिनचा गंध नसल्यामुळे. पुनर्परीक्षेलाही जमलं नाही. ३० ऐवजी २४ श्रेयांक घेऊन ती परतली आणि उरलेल्या सहांची भरपाई इथल्या एका विषयाने करायची असं तिच्या महाविद्यालयाने ठरवलं. पुण्यात पहिल्या येणाऱ्या मुलीचा हा निकाल आहे. वडिलांना तो समजावून सांगणं सोपं गेलं नाही.

सहकाऱ्यांनी मला एक शंका विचारली, आणि ती रास्त आहे: सहा-सात आठवड्यांनी सगळेच सैल होतात, वहीचं श्रेय कशाला? शक्य आहे. एका मुलीवरून सिद्धांत मांडता येत नाही. तरी माझा कल वहीकडे आहे, आणि त्याचं कारण तिचे ध्वनिनिरोप. ती मला दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं स्पॅनिशमध्ये बोलून पाठवायची. जुलैमध्ये मी ते सगळे ओळीने पुन्हा ऐकले. फेब्रुवारीत ती क्रियापदाच्या आधी थांबते, जवळजवळ दर वाक्यात. तिथे भाषांतर चालू आहे हे ऐकू येतं. एप्रिलअखेरच्या निरोपांत थांबे आहेत, पण नामांच्या आधी: शब्द आठवत नाही म्हणून. वाक्याचा सांगाडा आधीच उभा असतो. नुसत्या सरावाने थांबे कमी झाले असते. त्यांची जागा बदलली नसती असं मला वाटतं. ज्या मुलांच्या घरात मराठी पातळ झाली आहे, ज्यांना ‘हातून पडलं’ पेक्षा इंग्रजी वाक्य आधी सुचतं, त्यांना ही वही किती उपयोगी पडेल, ते यंदाच्या वर्गात बघायचं आहे. तिथे पाचव्या सत्राची वाट न बघता पहिल्याच महिन्यात आम्ही ‘मला आंबे आवडतात’पासून सुरुवात केली आहे.

निघायच्या आदल्या दिवशी तिने सेन्योराला स्टीलचं ताट दिलं. आईने जाताना बॅगेत कोंबलेलं, पाच महिने कपाटात पडून होतं. निळ्या काठाच्या ताटाची भरपाई होणार नाही हे तिला माहीत होतं. ती म्हणाली, “एस्ते, आउन्के से ते काइगा, नो से रोंपे.” हे तुझ्या हातून पडलं तरी फुटणार नाही. सेन्योराने ताट उलटंसुलटं करून पाहिलं, मागे कोरलेलं या मुलीच्या आजोबांचं नाव बोटाने चाचपलं, आणि भिंतीवर टांगायला खिळा शोधायला गेली.

विमानतळावरून फोन केला तेव्हा ती मला त्या खिळ्याबद्दल सांगत होती, तो कसा वाकडा गेला, दोघींनी मिळून तो कसा ठोकला. ‘काइगा’ हे सुबखुन्तीबोचं रूप आपण वापरलं, याचा तिला पत्ताच नव्हता.